शर्वीनं निवडलेले टायर

आमच्या घरात साडी निवडायला लागत नाही एवढा वेळ टायर निवडायला लागायचा. माझा नवरा धैर्यशील कोल्हापूरजवळ शिरोलीला ओतकामाचा कारखाना चालवतो. दिवसभर तापलेलं लोखंड आणि कामगारांचा आरडाओरडा. त्याला दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, ती गाडी. लाल, विजेवर चालणारी, दोनच माणसांची आणि इतकी बसकी की उतरताना मला कुणीतरी हात द्यावा लागतो. डिकीत आठवड्याची भाजीसुद्धा मावत नाही. ताकद मात्र अशी, की त्यानं पाय जरा दाबला की माझी मान मागे जाऊन आपटायची आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

अशी गाडी टायर खाते. पेट्रोलच्या गाडीचा जोर चढत चढत यायचा, विजेच्या गाडीचा सगळा जोर पहिल्या क्षणालाच चाकात उतरतो. त्यात बॅटरीचं वजन. हे सगळं रस्त्यावर टेकतं ते चार तळहातांएवढ्या रबरावर. त्यामुळे आमचे टायर खोडरबरासारखे झिजायचे. उद्यमनगरातल्या रियाज मुजावरांच्या दुकानात आमची फेरी ठरलेली असायची. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे घालून चालवायची सोय नाही. दर वेळी चारही नवे. रियाजभाई चहा मागवायचे आणि दोघं पुरुष रबरावर बोलत बसायचे. मऊ रबर रस्ता धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण वळणावर दगा देतं. एवढ्या एका गोष्टीवर त्यांच्या दुपारच्या दुपारी जायच्या.

एकदा आमची शर्वी बरोबर होती. तेव्हा ती दुसरीत होती. मोठ्यांचं बोलणं संपेना म्हणून ती एकेका टायरवर अंगठ्याचं नख दाबत दुकानभर फिरली आणि एका टायरपाशी येऊन थांबली.

"पप्पा, ह्यो घ्या. ह्याच्यात नख रुततंय."

रियाजभाईंनी वाकून पाहिलं. "धैर्यशीलराव, पोरगीनं दुकानातला सगळ्यात मऊ टायर काढला की."

धैर्यशीलनं तिला उचलून खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियमच झाला. टायर शर्वी निवडणार, आणि ते मऊच असणार.

मी मूळची नाशिकची. कोल्हापुरात मुलीसुद्धा "मी जातो, मी येतो" म्हणतात आणि 'पण' म्हणायचं तिथे 'खरं' म्हणतात, याचं लग्नानंतर मला फार हसू यायचं. आता माझीच मुलगी रविवारी सकाळी उठून "मम्मी, मी चाललो" म्हणत खाली पळायची. बापलेक गगनबावड्याच्या घाटात जाऊन यायचे. परत आले की इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दुसरा सोहळा सुरू व्हायचा, चाकं घासायचा. पळून आलेल्या गाडीच्या तापलेल्या ब्रेकवर पाणी पडलं की त्याची तबकडी वाकते, हे धैर्यशीलनं कुठल्यातरी शर्यतीच्या गुरूकडून ऐकलं होतं आणि ते त्याच्यासाठी ब्रह्मवाक्य होतं. म्हणून चाकं कोरडी घासायची, ब्रशानं. चाकाच्या आऱ्यांमधून त्याचा हात आत जायचा नाही, शर्वीचा जायचा. ती मांडी घालून बसायची, तोंड चाकाशी नेऊन आतला काळा भुगा खरवडून काढायची आणि काळी बोटं बापाच्या नाकाला पुसायची.

मी दातांची डॉक्टर आहे. लोकांच्या दातांचा भुगा उडतो म्हणून दिवसभर तोंडाला मास्क लावून काम करते. त्या दोघांना तळघरात हसताना पाहून मी वर येऊन पोहे करायची.

शर्वीला धाप लागायला लागली ती पाचवीत. आधी खोकला, मग शाळेचा जिना चढताना मधेच थांबणं. पुढे एकदा गाणं म्हणता म्हणता ओळ अर्धी सोडून ती गप्पच बसली. डॉक्टर तृप्ती हेरवाडकर इथल्या मुलांच्या फुप्फुसांच्या डॉक्टर. त्यांनी तपासलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की हिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत.

"गेल्या काही वर्षांत अशी मुलं वाढलीत," त्या म्हणाल्या. "धूर गेला, डिझेल गेलं. आकाश निळं दिसायला लागलं म्हणून आपण सगळे खूश होतो. खरं विजेच्या गाड्या जड. धूर नाही, पण टायर जास्त झिजतात. ते झिजलेलं रबर जातं कुठं? हवेत. डोळ्यांना दिसणार नाही एवढा बारीक भुगा."

मग त्यांनी एका कागदावर चित्र काढून समजावलं. रबर ऊन-वाऱ्यानं लवकर म्हातारं होऊ नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की त्याचं एक वेगळंच, विषारी रसायन बनतं. बहुतेक माणसांचं शरीर त्याला निस्तरतं. काही मुलांच्या शरीरात जन्मापासून एक दुवा कमी असतो, त्यांना ते जमत नाही. त्यांची फुप्फुसं त्या प्रत्येक कणाभोवती जखमेवरच्या खपलीसारखं जाड आवरण धरतात. खपल्यांवर खपल्या होत जातात, आणि एक दिवस श्वास घ्यायला मऊ जागाच उरत नाही.

"उलटं फिरवता येतं?" मी विचारलं.

"नाही. हळू करता येईल," हेरवाडकर मॅडम म्हणाल्या.

मी रडले. धैर्यशील रडला नाही. तो बाहेर आला, गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ट्रक. आपल्या घराला लागून रात्रंदिवस ट्रक पळतात. त्यांनीच मारलं माझ्या पोरीला."

कोल्हापुरात दोन माणसं एका बाजूनं चिडली की कृती समिती होते. चार दिवसांत आमच्या दिवाणखान्यात 'अवजड वाहतूक हटाव कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष धैर्यशील इंगवले, सरचिटणीस शेजारचे बंडा खराडे. मोर्चे निघाले. हायवेवर खाटा टाकून रास्ता रोको झाला. धैर्यशीलचा आवाज बसला, तरी तो बोलायचा. चौकाचौकांत त्याचे फलक लागले, 'आमच्या पोरांचा श्वास परत द्या.' शर्वीला बापाचा भारी अभिमान वाटायचा. नाकाला नळी लावून गॅलरीत बसून ती घोषणा ऐकायची आणि खालून जाणारा मोर्चा दिसला की हात हलवायची.

आणि समितीनं मागणी केली ती खूण-तपासणीची.

ही खूण काय ते सांगायला हवं. रस्त्यावरचा भुगा कुणाचा हे कळावं म्हणून सरकारनं काही वर्षांपूर्वी टायर कंपन्यांना एक सक्ती केली होती. प्रत्येक टायरच्या रबरात काचेचे अतिसूक्ष्म मणी मिसळायचे आणि त्या मण्यांत प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएचा एक धागा कोंडायचा. धाग्यावरच्या अक्षरांचा क्रम दर टायरला वेगळा, आणि टायर विकताना तो गाडीच्या नंबरावर नोंदलेला. टायर झिजला तरी मणी टिकतात, भुग्याबरोबर जातील तिथे जातात. हेतू होता जास्त भुगा पाडणाऱ्या वाहतूक कंपन्यांना पकडायचा. पुढे दवाखान्यांच्या लक्षात आलं, की फुप्फुसात थोडं पाणी सोडून ते परत ओढून घेतलं तर त्यातले मणीही वाचता येतात. कुणाच्या छातीत कुणाचा टायर, हे सांगता येतं.

"एकदा नावं हातात येऊ देत," धैर्यशील सभेत म्हणाला. "ज्याच्या टायरचा भुगा माझ्या पोरीच्या छातीत निघंल, त्याला मी आयुष्यभर सोडणार नाही. कुणी का असंना."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

निकालाच्या दिवशी बंडा खराडे समितीच्या लोकांना घेऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर फटाक्यांची माळ धरून उभे होते. हेरवाडकर मॅडमनी आम्हा दोघांनाच आत घेतलं आणि दार लावलं. त्या बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

"ट्रकांचा भुगा आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पुष्कळ ट्रकांचा आहे, खरं एकेकाचा कणभर. सगळे मिळून थोडासाच. बाकीचा सगळा एकाच वाहनाचा आहे."

"कुठल्या कंपनीचा?" धैर्यशील पुढे सरकला.

"ट्रक नाही, धैर्यशील."

"मग काय आहे? बस? मॅडम, तुम्ही नंबर सांगा फक्त. घाबरू नका कुणाला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला कळलं. त्याला अजून कळलं नव्हतं. मॅडमनी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर नाव नव्हतं, बहुतेक त्यांनीच झाकलं असावं. टायरांचे तपशील तेवढे होते. तो मोठ्यानं वाचायला लागला.

"चार-चार टायरांचे संच. रबर अतिमऊ. पुढचे दोन एका मापाचे. मागचे दोन..."

मागचे दोन रुंद होते. टायर निवडण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला त्यापुढे नाव वाचायची गरज नव्हती. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

"घाटात झिजतं ते वाऱ्यावर उडून जातं," मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "एवढं साठलं कसं हे मला कळेना. घरी काही... बंद जागेत..."

"ती चाकं घासते," मी म्हणाले. "तळघरात. कोरड्या ब्रशानं. दर रविवारी."

मला त्या वेळी नवऱ्याला मारावंसं वाटलं. शब्दशः, हातात येईल ते घेऊन. तो खुर्चीतून उठला, भिंतीशी गेला आणि कपाळ भिंतीला टेकवून उभा राहिला, आणि मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. ते आजही पुरतं वाटत नाही.

"आता गाडी चालवल्यानं काही बदलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "बंद काचांच्या आत शर्वी उलट रस्त्यापेक्षा बरी. घासणं मात्र आजपासून बंद. आणि एक डॉक्टर म्हणून नाही, घरची म्हणून सांगते. तिला हे कळू देऊ नका. ती रोज जगण्यासाठी झगडते आहे, त्यात हे ओझं नको."

त्यावर आमचं एकमत झालं. त्या दिवसानंतर तेवढ्याच एका गोष्टीवर आमचं एकमत राहिलं.

तो बाहेर आला आणि बंडा खराड्यांना म्हणाला, "अहवाल नीट आला नाही. समिती बंद करूया."

"बंद? आसं कसं अध्यक्ष? कुणाचं नाव आलंय सांगा तरी."

"कुणाचं नाही."

बंडा खराड्यांनी हातातल्या फटाक्यांच्या माळेकडे पाहिलं, मग धैर्यशीलकडे. "किती दिलं ओ ट्रकवाल्यांनी?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे विचारलं.

गावभर झालं, इंगवले मॅनेज झाला. त्याच्या फलकांवर काळं फासलं गेलं. कारखान्यात कामगार समोर गप्प बसायचे आणि वळला की हसायचे. त्याच्या थोरल्या भावानं घरी येऊन, "पोरीच्या आजारावर सौदा केलास व्हय रं?" असं विचारलं आणि पाणीही न पिता निघून गेला. धैर्यशीलनं एकालाही उत्तर दिलं नाही. खरं सांगितलं असतं तर ते तासाभरात शाळेत पोचलं असतं. ज्या माणसाला त्यानं आयुष्यभर सोडणार नाही म्हटलं होतं, त्याला तो खरोखरच सोडत नव्हता. जेवताना हात थांबायचा, आंघोळीला गेला की पाण्याचा आवाज यायचा नाही. आणि मी, त्याची बायको, त्याला एका शब्दानं धीर देत नव्हते.

मला गाडी विकायची होती. विकायची नसेल तर भंगारात घालायची होती, माझ्या डोळ्यांदेखत.

"नाही विकता येणार," तो म्हणाला. "गाडी गेली की ती विचारंल, का? ती हुशार आहे, मंजिरी. ट्रकांनी केलं असेल तर पप्पांनी आपली गाडी का काढली? घासायला बंद केलंय तेव्हापासनंच बघालीय माझ्याकडं. मला ती गाडी चालवावी लागणार. हसत चालवावी लागणार."

म्हणून तो चालवत राहिला. दर रविवारी शर्वीला उचलून सीटवर बसवायचा, तिच्या ऑक्सिजनचं यंत्र पायाशी ठेवायचा आणि घाटाकडे निघायचा. शर्वी पूर्वीसारखी बडबडायची, मधे मधे श्वासासाठी थांबायची. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखी बापलेक आहेत.

टायर पुन्हा गुळगुळीत झाले. पाऊस तोंडावर आला होता, बदलणं भाग होतं. शर्वीनं आधीच जाहीर केलं, "मी निवडतो. नेहमीसारखं."

आम्ही तिघंही गेलो, ती दोघं गाडीतून आणि मी तिची चाकांची खुर्ची घेऊन रिक्षानं. धैर्यशीलनं रियाजभाईंना आधीच फोन करून ठेवला होता. दुकानातले मऊ टायर मागच्या गोदामात गेले होते, समोर फक्त कडक मांडले होते. कारण सांगितलं नव्हतं. रियाजभाईंनीही विचारलं नव्हतं. गावानं टाकलेल्या माणसाला चहा पाजणारं ते एकच दुकान उरलं होतं.

शर्वी खुर्चीतून एकेका टायरपाशी गेली. खुर्ची मी ढकलत होते. तिनं अंगठ्याचं नख दाबलं. पुन्हा दाबलं. नखच वाकलं, रबरावर काही उमटलं नाही.

"कडक आहेत की सगळे," ती म्हणाली.

"नवीन प्रकार आलाय," धैर्यशील हसत म्हणाला. मला ते हसणं बघवेना. "हाताला कडक लागतंय, रस्त्यावर गेलं की मऊ होतंय. हो ना रियाजभाई?"

रियाजभाई कपात बघत म्हणाले, "व्हय. नवीनच आलंय."

शर्वीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा सगळ्या टायरांवरून हात फिरवला, एकेकावर मनापासून नख दाबलं आणि कोपऱ्यातल्या एकापाशी थांबली. त्या दुकानातला तो सगळ्यात कडक टायर होता. मला रबरातलं काही कळत नाही, पण रियाजभाईंचा कप बशीवर वाजला तेव्हा ते कळलं.

"ह्यो घ्या पप्पा. ह्यो भारी आहे."

"नक्की?"

"नक्की की."

धैर्यशीलच्या चेहऱ्यावर केवढी सुटका दिसली. तो रियाजभाईंबरोबर गाडी उचलायच्या जॅककडे गेला. तिला काही कळलं नाही, या आनंदात तो किती दिवसांनी ताठ चालत होता. आम्ही दोघी दारातल्या बाकापाशी थांबलो. आतून नट सोडायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"मम्मी," शर्वी म्हणाली, "पप्पांना सांगू नको हं."

"काय सांगू नको?"

"मला माहितीय ते."

मी तिच्यासमोर खाली बसले. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही." ती श्वासासाठी थांबली. "शाळेत सगळे म्हणालेत, तुझे पप्पा ट्रकवाल्यांकडनं मॅनेज झाले. खरं पप्पा मॅनेज होत नाहीत. त्यांनी समिती सोडली म्हणजे ट्रक नसणार. मग दुसरं कोण असणार? कुणाचं नाव सांगायला पप्पा घाबरत नाहीत. माझ्यामुळं सांगितलं नाही त्यांनी. आणि घासायला एकदम बंद केलं."

सगळ्या गावानं त्याच्यावर संशय घेतला होता. ही एकटी संशय न घेता सरळ उत्तरापाशी पोचली होती.

"आधीचे मऊ टायर मीच निवडलेले ना," ती म्हणाली.

रडणाऱ्या मुलांना गप्प करणं हे माझं रोजचं काम. ती तर रडतही नव्हती. "तुझी काही चूक नाही गं," एवढंच मी म्हणाले. "तू लहान होतीस. तुला काय माहीत?"

"पप्पांना तरी काय माहीत होतं?" तिनं माझा हात धरला. बोटं गार होती. "मग पप्पांची पण चूक नाही ना?"

ती वाट बघत होती. इतके महिने जे मी त्याला म्हटलं नव्हतं, ते आता तिला म्हणायचं होतं, आणि तिला खोटं लगेच कळतं हे मला आत्ताच समजलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

खरं बोलले की खोटं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. शर्वीनं मान हलवली. पटल्यासारखी हलवली, माझ्यासाठी.

त्या रविवारी सकाळी मी गॅलरीत उभी होते. धैर्यशीलनं गाडी तळघरातून वर फाटकाशी आणली, तिला सीटवर बसवलं, पट्टा बांधला, यंत्र पायाशी ठेवलं. काच वर जायच्या आधी तिचा आवाज आला. मोठ्यानं बोलायला तिला त्रास होतो, तरी मोठ्यानं बोलली.

"पप्पा, जोरात काढा की! पहिल्यासारखं."

मग तिला संशय नको म्हणून त्यानं पाय दाबला. त्याला संशय नको म्हणून ती खिदळली. कडक टायर रस्ता धरीनात. चाकं जागच्या जागी कर्कश फिरली, रबराचा वास वरपर्यंत आला आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

फाटकापाशी दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या. मी मास्क लावला, बादलीभर पाणी आणि फडकं घेऊन खाली गेले आणि ती दोघं परत यायच्या आत त्या पुसायला बसले.